विहिरीवर न गेलेला दिवस

वर्धा जिल्ह्यातल्या सेलूला मी राहायला आले ती एका हार्डवेअरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. पुण्याचा संसार मोडला होता. आईवडील आधीच गेले होते. भावाचं घर आणि शेती जाम गावाजवळच्या खेड्यात; तो म्हणाला, इकडेच ये. गेले, चार दिवस राहिले. पाचव्या दिवशी शेजारच्या बायका माझ्यासमोरच भावजयीला विचारू लागल्या, की ह्या परत कधी जाणार. भावजय नुसती पोळपाट पुसत राहिली. मग मीच सेलूत खोली शोधली. भावाच्या गावापासून फार लांब नाही आणि ओळखीचंही कोणी नाही, एवढाच विचार त्यात होता.

काम घरूनच चालायचं. परदेशातल्या एका विद्यापीठाचा प्रकल्प होता आणि त्यात भारतातली मी एकटी. काम असं की आकड्यांपासून आलेख किंवा नकाशा कसा तयार होतो, त्या सगळ्या प्रवासाचं वर्णन संगणकाला समजेल अशा शब्दांत करायचं. आकडे कोणी गोळा केले, त्यातले कोणते गाळले, कशाची सरासरी काढली, कोणत्या आकड्याला कोणता रंग दिला. प्रत्येक गोष्टीला एक ठरलेलं नाव द्यायचं आणि दोन नावांमधलं नातंही ठरवून टाकायचं: हे ह्यापासून बनलं, हे ह्याच्या आधी झालं, हे अमक्याने केलं. अशा शब्दव्यवस्थेला ऑन्टॉलॉजी म्हणतात. ती नीट जमली, तर कुठल्याही चित्रावर बोट ठेवून मागे मागे जात, ते जिथून निघालं तिथपर्यंत पोचता यावं, अशी आमची कल्पना होती.

हे सगळं मी इथे सोपं करून लिहिलं आहे. प्रत्यक्षात ‘गाळणे’ आणि ‘निवडणे’ ह्या दोन क्रिया वेगळ्या मानायच्या की एकच, ह्यावर आमचे तीन महिने गेले होते. आठवड्यातून दोनदा दुपारी बैठक व्हायची. पडद्यावर सहा चेहरे, त्यातला एक माझा. मी बहुतेक वेळ आवाज बंद ठेवून बसायची. खालच्या दुकानात लोखंडी सळया उतरवताना प्रचंड खणखणाट व्हायचा, म्हणून तशी सवय लागली, आणि नंतर सळया नसल्या तरी आवाज बंदच राहू लागला.

घरमालकीण दुकान सांभाळायची. तिला सगळे भाभी म्हणत. ती एकदा जिन्यात थांबवून म्हणाली, “ताई, बुरा नका मानू, पन तुमी दिवसभर कोनाशी बोलत नाई अन् बोलल्या तं इंग्लिशमदे. तबियत बरी आहे न?”

“बरी आहे भाभी. काम असतं.”

“हो, काम तं राह्यतेच,” ती म्हणाली आणि माझ्या हातात वाटीभर शेव ठेवली. मी वर येऊन ती शेव उभ्यानेच खाल्ली. त्या दिवशी माझं मराठीत झालेलं एवढंच बोलणं.

दुसऱ्या वर्षी आमची शब्दव्यवस्था तपासून पाहायची वेळ आली. त्यासाठी खरा नकाशा हवा होता, ज्याचे सगळे टप्पे उपलब्ध असतील असा. इतरांनी आपापल्या देशातले सुचवले. मी वर्धा जिल्ह्यातल्या विहिरींचा सुचवला. पाण्यावर काम करणारी एक संस्था काही गावांतल्या विहिरींची पाणीपातळी दर आठवड्याला मोजून घ्यायची. गावातलाच एखादा माणूस काठावरून फीत सोडून पाणी किती खोल आहे ते वहीत लिहायचा. वह्यांवरून तक्ता, तक्त्यावरून नकाशा. पाणी खोल असेल तिथे तपकिरी रंग, वर असेल तिथे निळा. संस्थेने वह्यांच्या छायाप्रतींपासून नकाशापर्यंत सगळं आनंदाने पाठवलं. मी निवडला तो तीन वर्षांपूर्वीच्या मे अखेरचा नकाशा.

बैठकीत तो पडद्यावर लावला. मे महिन्याला शोभेल असा तो जवळजवळ सगळा तपकिरी होता. फक्त वरच्या कडेला, हिंगणी गावाच्या पलीकडे, एक गडद निळा डाग होता.

“तिथे धरण आहे ना?” प्रकल्पाच्या प्रमुख बाईंनी विचारलं. त्यांनी बसल्या जागी उपग्रहाचा नकाशा उघडून पाहिला होता. “म्हणजे बरोबर. छान उदाहरण आहे.”

सगळ्यांनी माना हलवल्या. बोर धरण तिथे आहे हे खरंच. पण तो डाग धरणाच्या अंगाला नव्हता, चढाच्या बाजूला होता. लहानपणी मावशीकडे जाताना मी त्या बाजूने गेले होते. मे महिन्यात तिथल्या बायका डोक्यावर पाण्याचे पितळी गुंड घेऊन किती लांबून येतात ते मी पाहिलेलं. मी बोलण्यासाठी बटणाकडे हात नेला, तोवर पुढचा विषय सुरू झाला.

बैठक संपल्यावर मी डागावर बोट ठेवून मागे निघाले. ज्या कामासाठी आम्ही वर्षभर शब्द ठरवत होतो, तेच काम. डाग बराच मोठा दिसत होता, पण त्यात मोजणीची विहीर एकच होती. दोन विहिरींमधल्या जागेचा रंग संगणक अंदाजाने भरतो, म्हणून ते एका विहिरीचं निळं आजूबाजूला पसरलं होतं. त्या विहिरीचा आकडा होता शून्य. काठापासून पाण्यापर्यंतची खोली शून्य, म्हणजे विहीर तोंडापर्यंत भरलेली. मे महिन्यात. त्याच्या मागचा तक्ता पाहिला, तर त्यात त्या जागी रिकामा रकाना होता. पुढच्या टप्प्यावर रिकाम्याचं शून्य झालं होतं. त्याच्याही मागे वहीच्या पानाची छायाप्रत होती. प्रत्येक आठवड्यासमोर सुबक अक्षरात आकडा आणि त्या एका तारखेसमोर निळ्या शाईची आडवी रेघ.

मला जास्त वाईट वाटलं ते पुढच्या गोष्टीचं. मी हा सगळा प्रवास आमच्या शब्दांत लिहून संगणकाला तपासायला दिला. कुठेही विसंगती नाही, असं उत्तर आलं. प्रत्येक टप्प्याला नाव होतं, प्रत्येक नातं जागच्या जागी होतं. आमच्या शब्दांत तो डाग अगदी बरोबर होता.

ती रेघ कोणी मारली हे वहीवर लिहिलेलं नव्हतं. संस्थेत फोन केला. तिथल्या बाई म्हणाल्या, “ते काकाजी आता मोजत नाहीत. गुडघे गेले त्यांचे. पण आहेत गावातच.” त्यांनी गावाचं नाव आणि खूण सांगितली, की घरासमोर कडुलिंब आहे आणि बाजूलाच विहीर.

प्रकल्पात असं कोणाला भेटायला जायची पद्धत नव्हती. मी कोणाला विचारलंही नाही. सकाळच्या एसटीने हिंगणीला उतरले आणि पुढे ऑटोने गेले. दोन्ही बाजूंना कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून झालेली काळी शेतं होती.

काकाजी दारातच खाटेवर बसून तूर निवडत होते. अंगात बंडी, खांद्यावर दुपट्टा. मी संस्थेचं नाव घेतल्यावर त्यांनी सूप बाजूला सरकवलं.

“मोजनी बंद केली मी. सांगतलं होतं त्याईले.”

“मोजणीसाठी नाही आले काकाजी. एक विचारायचं होतं.” मी पिशवीतून वहीच्या पानाची प्रत काढली. त्यांनी चष्मा लावला, पान लांब धरून पाहिलं आणि स्वतःचं अक्षर ओळखून जरासे हसले.

“हे माह्यंच आहे.”

“इथे ही रेघ काऊन मारली?”

बऱ्याच दिवसांनी माझ्या तोंडातून ‘का’ऐवजी ‘काऊन’ आलं. त्यांचं हसू थांबलं.

“त्या दिवशी गेलोच नाई मी इहिरीवर.”

“पाणी नव्हतं?”

“पानी असन. मी नव्हतो.” मग म्हणाले, “घरची गेली माही त्या दिवशी. सकाळी. वर्ध्याच्या दवाखान्यात.”

तेच पुढे सांगू लागले. आठ दिवसांनी पुन्हा विहिरीवर गेले तेव्हा वहीत मागचा रकाना रिकामा होता. शेजारच्या एकाने सुचवलं, मागच्या आठवड्याचाच आकडा टाकून द्या, एवढ्यात काय फरक पडतो. “पन मंग म्या म्हतलं, न पायता कसं लिहू? अन् कोरंई ठेवनं बरं नाई, लोकाले वाटन आपन विसरलो. म्हनून रेघ मारली. रेघ म्हंजे, तो दिवस गेला.”

त्यांनी उठून विहीर दाखवली. चालताना एक हात गुडघ्यावर दाबून चालत होते. काठावर पांढऱ्या रंगाची खूण होती, जिथून फीत सोडायची. बायको जवळ उभी राहायची आणि त्यांनी सांगितलेला आकडा मोठ्याने पुन्हा म्हणायची, म्हणजे वहीपर्यंत जाईतो विसरू नये. ती गेल्यावर ते स्वतःच सांगायचे आणि स्वतःच पुन्हा म्हणायचे. “लोक हासत. म्हनत, बुढा इहिरीसंग बोलून राह्यला.”

परत आल्यावर त्यांनी चहा मांडला. मला हात लावू दिला नाही. दुधाचा गंज आचेवरून उतरवताना पाठमोरेच म्हणाले, “तीन साल झाले त्या रेघेले. आज पयल्यांदा कोनं विचारलं.”

मग माझी चौकशी झाली. कुठल्या, कोणाच्या, घरी कोण. मी सगळं खरं सांगितलं. त्यांनी ना च्‌च्‌ केलं ना उपदेश केला. “एकट्या मानसाचा सैपाक कमी होत नाई,” एवढंच म्हणाले. “कितीबी कमी टाका, उरतेच.” तोवर मला ते ‘तुमी’ म्हणत होते, चहा देताना म्हणाले, “घे पोरी.”

चहा पिता पिता ते गावाचं सांगू लागले. त्या साली संस्थेने काही गावांच्या विहिरी खोल करून दिल्या. आजूबाजूची दोन गावं यादीत आली, ह्यांचं नाही आलं. “काऊन नाई आलं कोनाले समजलं नाई. लोक म्हनत, वरून सांगा लागते कोनाले तरी. आमचं वर कोनी नाई. बायाईनं लय तरास काढला ते दोन उन्हाळे.”

कप माझ्या हातातच राहिला. यादी कशावरून केली होती ते मला माहीत होतं. संस्थेने पाठवलेल्या कागदांत तेही होतं: त्याच मे अखेरच्या नकाशावर जिथे तपकिरी, ती गावं आधी.

सांगावं की नाही, असा विचार मी किती वेळ केला ते आता आठवत नाही. पण ज्या माणसाने न पाहता आकडा लिहिला नाही, त्याच्यासमोर बसून हे दडवून ठेवणं मला जमेना. मी बोलले. रेघेचा रिकामा रकाना झाला, रिकाम्याचं शून्य झालं, शून्य म्हणजे काठोकाठ पाणी, म्हणून निळा रंग. नकाशाची प्रत दाखवली. त्यांनी त्या निळ्यावर बोट ठेवलं.

“हे आमचं गाव?”

“हो.”

“म्हंजे माह्याच्यानं झालं.”

“नाही काकाजी. तुम्ही बरोबर लिहिलं. पुढच्यांना ते वाचता आलं नाही.”

“पन रेघ तं माहीच न.”

मी पुन्हा पुन्हा समजावू लागले. त्यांचं लक्ष नव्हतं. ते उठले, “शेळी सोडून येतो,” म्हणाले आणि मागच्या दाराने निघून गेले. मी बसून राहिले. तासभर गेला. एकदा मागे डोकावले, तर शेळी खुंट्याला बांधलेलीच होती आणि ते लांब बांधावर पाठ करून बसले होते. हाक मारायचा धीर झाला नाही. कप विसळून पालथे घातले आणि फाटकाची कडी लावून निघाले.

हिंगणीच्या थांब्यावर एसटी उशिरा आली. शेजारी बसलेल्या बाईने विचारलं, “कोनाकडे आलत्या?” मी म्हटलं, कामाने. “कोनाच्या कामानं?” मी पिशवीतले कागद नीट करू लागले. ती सरकून दुसऱ्या बाईशी बोलू लागली.

पुढच्या बैठकीत मी आवाज सुरू केला. खाली सळया उतरत होत्या, तरी सुरू केला. म्हटलं, आपल्याकडे ‘आकडा’ ह्या गोष्टीला शब्द आहे, पण आकडा नसण्याला नाही. मोजलं आणि शून्य आलं, मोजलंच नाही, मोजून नंतर गाळलं, ह्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि नकाशावर त्या वेगळ्या दिसल्या पाहिजेत. आणि मोजलं नाही, तर का नाही आणि कोणी नाही, ह्यालाही जागा हवी. मग त्या गावाची गोष्ट सांगितली. सगळी सांगितली. त्या प्रकल्पात मी सलग इतका वेळ कधीच बोलले नव्हते.

मग प्रमुख बाई हळूच म्हणाल्या, “फार वाईट झालं हे. पण आपण चित्र कसं बनतं ह्याचं वर्णन करतो आहोत. माणसाने विहिरीवर काय केलं, हा आपल्या कक्षेच्या बाहेरचा भाग आहे.”

“तो रंग विहिरीवरूनच आला आहे,” मी म्हणाले. दुसऱ्या एकाने माझी बाजू घेतली, तिसऱ्याने नाही. तीन बैठका झाल्या. शेवटी नसलेल्या आकड्यासाठी तीन वेगळे शब्द मान्य झाले आणि तो कोणत्या टप्प्यावर कशात बदलला हे नोंदवणारं एक नातंही आलं. कारणासाठी आणि माणसासाठी मात्र वेगळं काही मिळालं नाही. ते ‘टीप’ ह्या मोकळ्या रकान्यात लिहावं, असं ठरलं. टीप संगणक वाचत नाही. मला ते लागलं, पण अर्धं तरी पदरात पडलं म्हणून मी मान हलवली.

संस्थेलाही कळवलं होतं. त्यांनी नकाशा दुरुस्त केला. त्या गावाच्या जागी आता तिरक्या रेषा आहेत आणि खाली ‘मोजणी नाही’ असं लिहिलं आहे. माफीची दोन ओळींची मेलही आली. पुढच्या यादीत गावाचं नाव आलं. ते माझ्या पत्रामुळे की एरवीही आलं असतं, हे मला आजही माहीत नाही.

काकाजींना मी फोन केला नव्हता. काय म्हणून करणार? महिन्याभराने त्यांचाच आला. मी निघताना चहाच्या डब्याखाली माझा नंबर लिहून ठेवला होता, तो त्यांना सापडला होता.

“पोरी, ग्रामसभा झाली काल,” ते म्हणाले. मागे कोंबड्या ओरडत होत्या. “म्या उठून सांगतलं सगळ्याईले. म्हतलं, यादीत नाव नाई आलं ते कोनाच्या वशिल्यानं नाई. माही एक रेघ होती. ती त्याईले वाचता नाई आली.”

“काकाजी, तुमची चूक नव्हती. कशाला सांगितलं?”

“लोक तीन सालापासून एकामेकाचं नाव घेऊन राह्यलते न. सरपंचानं केलं, यानं केलं, त्यानं केलं. मले मालूम असून मी गप बसू?”

“मग काय म्हणाले लोक?”

“मंग मागून एक बाई म्हने, तो तं वयनी गेल्या तो दिवस होता. आपन सारे मयतीत होतो. तुमी काऊन जासान इहिरीवर?” मग म्हणाले, “तिले तारीख ध्यानात होती. मले वाटे मलेच आहे.”

मी खिडकीशी उभी होते. खाली भाभी एका गिऱ्हाईकाला बिजागऱ्या दाखवत होती. मला रडू आलं ते त्यांच्यासाठी की माझ्यासाठी, हे ओळखता आलं नाही. माझ्या आयुष्यातल्या अशा दिवसाची तारीख कोणाच्या लक्षात असेल, असा विचार मनात आला आणि एकही नाव आठवेना.

“येजो कधी,” ते म्हणाले. “काम नसलं तरी येजो.”

“हो, येते,” म्हटलं.

त्यानंतर प्रकल्प संपला. शब्दव्यवस्था प्रसिद्ध झाली, दुसरं काम मिळालं, तेही घरूनच. हिंगणीची एसटी सकाळी सुटते. दोनदा मी स्टँडवर गेले. एकदा तर गाडी समोर उभी होती, कंडक्टरने विचारलंही, “ताई, येता का?” पण गेले तर म्हणणार काय, कशाला आले म्हणून सांगणार, हे ठरेना. गाडी निघून गेल्यावर मी बाजारातून सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी आणि थोडी वांगी घेतली आणि घरी येऊन भात लावला.

अजून गेलेले नाही.